स्टूल नंतर, आधी रेघेवर करवत

शाळेत पहिल्याच सत्रात मुलांना स्टूल करायला द्यावं म्हणजे सुतारकामाची गोडी लागते, हे अर्धंच पटतं. स्टूल डगमगतं, पण का ते कुणालाच सांगता येत नाही, कारण चुका दहा ठिकाणी झालेल्या असतात. त्याआधी 20 मिमी जाडीच्या दोन पट्ट्या अर्ध्या-अर्ध्या खाचून फुलीचा सांधा करू द्या. खाचेची खोली बरोबर 10 मिमी. चूक लगेच बोटाला जाणवते.

खरी मेख आखणीत आहे. गुण्या (काटकोन आखायची पट्टी) लावून चाकूने रेघ मारायची आणि काढून टाकायच्या भागावर फुली करायची. करवतीचा काप समजा 1.5 मिमी रुंद असेल, तर तो सगळा फुलीच्या बाजूला पडला पाहिजे. मुलं नेमकी रेघेवरच करवत धरतात. दोन्हीकडे पाऊण-पाऊण मिमी जास्त जातं आणि खाच दीड मिमी ढिली होते. मग फेव्हिकॉल ओतून लपवाछपवी!

दोन कापांमधलं लाकूड काढताना पटाशी (सपाट धारेची छिन्नी) एकाच बाजूने आरपार मारली की पलीकडची कड उचकटते, म्हणून दोन्हीकडून मध्यापर्यंत यायचं. लाकूड व्हाइसमध्ये (बाकावरच्या शिकंजात) घट्ट धरलेलं, दोन्ही हात धारेच्या मागे. आणि मुलांना बोथट पटाशी देणं सुरक्षित, हा गैरसमज सोडा. बोथट पटाशीला जास्त जोर लागतो आणि ती निसटतेही तितक्याच जोरात.

बाकी, एका तासिकेत हे होत नाही. हत्यारं वाटण्या-आवरण्यातच पाव तास जातो, जोडतासिका मागून घ्या. भिंतीवरच्या फळीवर प्रत्येक हत्याराची आकृती रंगवली की काय परत आलं नाही ते दारातूनच दिसतं.