आरोग्याची आश्वासनं आणि आपलं मत : तुमचे अनुभव लिहा

रानजाई :
काल कपाट आवरताना अण्णांची दवाखान्याची फाईल हाती लागली. ईसीजीच्या पट्ट्यांत २०१४ च्या विधानसभेचं प्रचारपत्रक घडी घालून ठेवलेलं. तालुक्याला शंभर खाटांचं रुग्णालय देऊ, त्या ओळीखाली अण्णांनी पेनाने दोन रेघा मारलेल्या. मागच्या कोऱ्या बाजूला त्यांच्या बारीक अक्षरात बीपीचे आकडे.

इमारत झाली, खोटं कशाला बोलू. पण डॉक्टरांची पदंच मंजूर नव्हती. दोन वर्षं कुलूप, मग नुसती सकाळची ओपीडी. अण्णांच्या छातीत कळ आली त्या रात्री १०८ रुग्णवाहिका त्यांना घेऊन त्याच इमारतीपुढून गेली. जिल्ह्याला पोचायला पावणेदोन तास.

अण्णा वाचले. पण सकाळी सातला रांगेत पहिला उभा राहणारा माणूस मागच्या वेळी मतदानाला उठलाच नाही. मला ते फार लागलं.

शेवंती२ :
आमचं पांढरं रेशनकार्ड. जून २०२३ मध्ये महात्मा फुले योजनेतून सगळ्या कार्डांना पाच लाखांपर्यंत मोफत उपचारांचं ठरलं, लगेच चौकात फलक. आईची अँजिओप्लास्टी फेब्रुवारी २०२४. दवाखान्यातला योजनेचा आरोग्यमित्र म्हणाला, ताई, अजून सुरू नाही. सुरू झालं १ जुलै २०२४ ला. तोवर माझ्या पाटल्या गेल्या होत्या.

पायवाट :
शेवंतीताई, वाईट वाटलं. आई आता बऱ्या आहेत ना?

शेवंती२ :
हो, देवळात चालत जाते.

माळरान :
दुसरी बाजू पण लिहितो. २०१६ ला पुतण्याच्या हृदयाचं ऑपरेशन सरकारच्या जीवनदायी योजनेतून झालं, एक रुपया लागला नाही. पुढच्या वर्षी योजनेला महात्मा फुल्यांचं नाव दिलं. योजना खरी आहे. पण त्यासाठी पोराला घेऊन पुण्यात सतरा दिवस राहिलो, जवळ काहीच नाही.

बकुळा :
मी आशा कार्यकर्ती आहे. मत मागायला येतात ते निघून जातात, दारात उभी मी असते. गोळ्या संपल्या की म्हातारी माणसं मलाच विचारतात, बाई, गोळ्या कधी येणार? काय सांगू. आमचं मानधनसुद्धा महिनोन्महिने अडकतं.

पायवाट :
बकुळाताई, तुम्ही नसतात तर माझ्या बहिणीचं बाळंतपण धड झालं नसतं. तुम्ही म्हणजे तुमच्यासारख्याच आमच्या पाड्यावरच्या आशाताई. डोलीच्या पुढे कंदील धरून चालत होत्या. आम्ही मतदानावर बहिष्कार घातला तेव्हा साहेब लोक आले, रस्त्याचं लेखी देऊन गेले. पावसाळ्यात अजून डोलीच.

माळरान :
२०१७ च्या राष्ट्रीय आरोग्य धोरणात होतं, २०२५ पर्यंत आरोग्यावरचा सरकारी खर्च जीडीपीच्या अडीच टक्के करू. २०२५ गेलं. याचा जाब सभेत कुणी विचारत नाही, आपणच विचारायला हवा.

शेवंती२ :
रानजाई, अण्णा सत्तरीच्या पुढचे ना? मोफत उपचारांचं वय वंदना कार्ड काढलं का? त्याला रेशनकार्डाची, उत्पन्नाची अट नाही. आधार आणि मोबाईल न्या.

रानजाई :
गेले होते गं. अण्णांच्या बोटांचे ठसेच उमटत नाहीत, शेतात झिजलीत.

बकुळा :
चेहऱ्यावरून होतं, आयुष्मान अ‍ॅपमध्ये सोय आहे. उजेडात बसवा त्यांना. अडलं तर इथेच लिहा, मी रात्री बघते, आता लसीकरणाला निघालेय.