व्हाइटआउट म्हणजे बर्फाचं वादळच असतं का?

जिंतूरकर:
माझा मावसभाऊ अंटार्क्टिकाला आपल्या भारताच्या मैत्री संशोधन स्टेशनवर मेकॅनिक म्हणून जायलाय, औलीला ट्रेनिंग पण झालं. घरचे थंडीचंच टेन्शन घेऊन बसलेत, पण तो म्हणतो थंडीपेक्षा व्हाइटआउटला जपा असं सांगितलंय. वारं नसताना पण माणूस तिथंच चुकतो म्हणे. हे कसं काय?

भौतिकवाले सर, सेलू:
वादळात उडणाऱ्या बर्फानं दिसेनासं होतं ते वेगळं. हा प्रकार हवा स्वच्छ असताना पण होतो. वर ढगांचा सलग थर, खाली ताजा बर्फ, ताजा बर्फ ८० ते ९० टक्के उजेड वर फेकतो, ढग त्यातला बराचसा परत खाली पाठवतात आणि असं होत होत उजेड सगळीकडून सारखाच यायला लागतो, मग सावलीच पडत नाही. सावली नाही म्हणलं की चढ-उतार कळत नाही, आभाळ कुठं सुरू झालं ते पण नाही. लांबचा काळा ड्रम स्वच्छ दिसतो अन् पायापुढचा गुडघाभर खड्डा दिसत नाही!

नांदेडचा पक्या:
२८ नोव्हेंबर १९७९ चा एरेबस डोंगरावरचा विमान अपघात वाचा. एअर न्यूझीलंडचं विमान अंटार्क्टिका दाखवायला गेलेलं, कॉम्प्युटरमधला मार्ग बदललेला अन् ते पायलटला सांगितलंच नव्हतं. विमान ढगाच्या खाली होतं, पण समोरचा पांढरा डोंगर त्यांना सपाट बर्फच वाटला असणार. २५७ जण गेले, एकपण वाचलं नाही. वाचून लई वाईट वाटतं राव.

जिंतूरकर:
बापरे. मग ढग असल्यावर गॉगल काढला तर चालतो का, तेवढंच जरा बरं दिसंल?

भौतिकवाले सर, सेलू:
अजिबात नाही, त्याला आजच फोन करून सांगा. अतिनील किरणं ढगातून पण येतात आणि बर्फावरून उलटून खालनं डोळ्यात जातात, काही तासांनी डोळ्यात वाळू गेल्यासारखी आग होते.

उदगीरची रेखा:
चांगलं पण सांगा की त्याला. आपल्याकडं सूर्याला खळं पडतं ना, ते लई वरच्या ढगातल्या बर्फाच्या षटकोनी कणांमुळं, सूर्यापासून २२ अंशावर. तिकडं कडक थंडीत तसले कण जमिनीलगतच तरंगतात, मग खळ्यावर डावी-उजवीकडं दोन झगझगीत ठिपके पण दिसतात. हिवाळाभर थांबणार असंल तर ऑरोरा, म्हणजे रात्रीच्या आभाळातला रंगीत उजेड, पण बघायला मिळंल, उन्हाळ्यात मात्र नाही, तेव्हा सूर्य मावळतच नाही.