अनुभव धागा: हौशी रग्बी क्लबचा इतिहास लिहिताना

शंभरी जवळ आली की स्मरणिकेचं ठरतं आणि कपाटातल्या वह्या बाहेर येतात. हे काम केलेल्यांनी आपापल्या टोपणनावाखाली नेमकं कुठे अडतं ते लिहावं. आठवणींसाठी वेगळा धागा काढू.

जुनी वही
आधी गुण तपासा. आकडे रग्बी युनियनचे, म्हणजे १५ खेळाडूंच्या रग्बीचे. १८९० च्या दशकात ट्रायला (गोलरेषेपलीकडे चेंडू टेकवण्याला) ३ गुण ठरले, १९७१ मध्ये ४ झाले, १९९२ मध्ये ५. ड्रॉप गोल (चेंडू जमिनीवर टाकून उसळताच किक मारून केलेला) १९४८ मध्ये ४ वरून ३ वर आला. म्हणजे १९४८-४९ ते १९७०-७१ या हंगामांत गुण मिळायचे ते ३ किंवा ५ (ट्राय आणि त्यानंतरच्या किकचे २) यांच्या पटीत, नाहीतर त्यांच्या बेरजेत. एका संघाचे ४ किंवा ७ होऊच शकत नाहीत. तिथे '७-३' दिसलं तर आकडा तरी चुकलाय नाहीतर हंगाम. १९३० च्या सुमाराचं ७ मात्र चालतं: एक ड्रॉप, एक ट्राय.

आणखी एक खोच. '१ गोल, २ ट्राय' यात ट्राय तीन आहेत, कारण तो गोल म्हणजे किकसकटचा ट्राय, ५ गुणांचा. दोनच मोजले की तो ट्राय करणाऱ्या खेळाडूची कारकीर्द कायमची एका ट्रायने कमी!

टच जज
'१९२४ चा कर्णधार' असं लिहू नका. हंगाम शरदात सुरू होऊन वसंतात संपतो तिथे १९२४ मध्ये दोन कर्णधार असू शकतात. १९२३-२४ असंच लिहा.

संघयादीत 'ए. एन. अदर' नावाचा गडी फार नियमित खेळलेला दिसेल. तो कोणी नाही. जागा भरली नव्हती एवढाच अर्थ. सामन्यांची संख्या मोजण्याआधी त्याला काढा.

हुकर
'हौशी' शब्दावरून युनियन की लीग ते कळत नाही, हौशी क्लब दोन्हीकडे आहेत. बुडालेल्या मजुरीच्या भरपाईवरून १८९५ मध्ये इंग्लंडमधल्या हडर्सफील्डला २२ क्लब युनियनपासून वेगळे झाले, तीच पुढे लीग; १९०६ पासून त्यांच्याकडे १३ खेळाडू. त्यामुळे त्यानंतरच्या सामन्यात राखीव सोडून १५ नावं असतील तर युनियन. युनियनमधला चांगला खेळाडू मधेच यादीतून नाहीसा झाला तर दुखापत गृहीत धरू नका. लीगकडे गेलेल्यावर बंदी यायची. १९९५ मध्ये युनियन व्यावसायिक खेळाला खुलं झालं, तोवर हेच.

कपाटाची किल्ली
फोटो ६०० डीपीआयवर, टिफ या फाइल-प्रकारात स्कॅन करा, मागची बाजूही. नावं बहुतेक तिथेच असतात. मागे लिहायचं तर मऊ पेन्सिलीने. बॉलपेनचा दाब पुढे उमटतो. कात्रणांना सेलोटेप नको, लॅमिनेशन तर नकोच, ते परत निघत नाही. गंजलेल्या स्टेपलचे पाय मागून उघडून मगच पिन काढा.

जर्सीच्या क्रमांकावरून जागा ओळखू नका. जुन्या काळी बऱ्याच संघांत फुलबॅकला (सर्वांत मागे खेळणाऱ्याला) १ असायचा.

टच जज
स्थापनेचं वर्ष राहिलं. महायुद्धानंतर पुन्हा सुरू झालेल्या क्लबच्या वहीत 'पहिली सभा' असते, ती पुनरुज्जीवनाची. आधीची दहावीस वर्षं वर्तमानपत्रांत शोधा, तीही 'फुटबॉल क्लब' या नावाखाली. रग्बीचे क्लब तेव्हा स्वतःला सर्रास तसंच म्हणवायचे.