ऐरणीलाही चारच? हाताशी आलेल्या अवजड हत्यारांचे किस्से

परवाच्या डंजन्स अँड ड्रॅगन्सच्या (फासे टाकून गोष्ट रचायचा खेळ) सेशनला आमच्या बार्बेरियनने, म्हणजे रांगड्या योद्ध्याने, लोहाराची ऐरण उचलून ओग्र नावाच्या राक्षसाच्या पायावर घातली. डीएम मी, म्हणजे खेळ चालवणं माझ्याकडे. पाचव्या आवृत्तीच्या २०१४च्या पुस्तकात हाताशी आलेल्या वस्तूचा मार सरसकट १डी४ आहे, म्हणजे चार बाजूंच्या एका फाशावर येईल तेवढा. मग तो तवा असो, गाडीचं चाक असो नाहीतर मेलेला गॉब्लिन (बुटका राक्षस; हे उदाहरण खरंच छापलंय). ऐरणीलाही चारच? यावर वीस मिनिटं भांडण. शेवटी डीएमच्या पुस्तकात अंगावर कपाट कोसळलं तर १डी१० दिलाय, तो लावला. फासा टाकला, आला एक. ओग्र लंगडलासुद्धा नाही.

तुमचेही किस्से येऊ द्या. तलवारी-भाले नकोत, अवजड सामान हवं.

—

माझं पात्र गोलायथ, धिप्पाड जमातीतली, ताकद १८. वाहायचं वजन ताकदीच्या पंधरापट: अठरा गुणिले पंधरा म्हणजे २७० पौंड, गोलायथला दुप्पट, म्हणजे ५४०. एवढं वाहता येतंय तर मी म्हटलं, जात्याची वरची तळी घेऊन फिरते. खुंट्याला धरून गरागरा फिरवायची. तीन लढाया मस्त गेल्या. चौथीत डी२०वर (वीस बाजूंचा फासा) एक पडला, म्हणजे सपशेल चूक. डीएमने शांतपणे विचारलं, "खुंट्याला चिंधी गुंडाळून ठोकला होतास का?" त्याच्या आजीकडे जातं होतं, हे मला कुठे ठाऊक! खुंटा माझ्या हातात आणि तळी मागच्या क्लेरिकच्या (जखमा बऱ्या करणारा) नडगीवर. सेशन संपेपर्यंत त्याने मला एकदाही बरं केलं नाही.

—

टॅव्हर्न ब्रॉलर फीट (पात्राचं जास्तीचं कसब) घ्या, निदान असल्या हत्यारांची प्रोफिशियन्सी, म्हणजे सराव, तरी मिळते. नाहीतर ऐरण काय आणि लाटणं काय, नेम चुकतोच.

—

आम्ही वरून टाकतो. बॅग ऑफ होल्डिंग या जादूच्या पिशवीत ५०० पौंड मावतं. नदीतले गोटे भरले, विझार्ड उडून साठ फुटांवर गेला आणि चेटकिणीच्या डोक्यावर पिशवी उलटी केली. पडण्याचा मार दर दहा फुटांना १डी६. खरं तर तो नियम पडणाऱ्यासाठी आहे, पण आमच्या डीएमने खालच्यालाही ६डी६ मान्य केला, वर डेक्स्टेरिटी सेव्ह (चपळाईने चुकवायची संधी) ठेवला. चेटकीण सटकली. गोटे तिच्या झोपडीच्या छपरातून आत गेले, आणि ज्या पोराला सोडवायला आलो होतो ते आतच होतं. वाचलं, एका हिट पॉइंटवर.

—

वाद कशाला घालता, गडावरून धोंडे लोटायची आपल्याकडे रीतच होती. आमच्या मोहिमेतला गड सह्याद्रीतला, खालून हॉबगॉब्लिन (गॉब्लिनांचे दांडगे भाऊबंद) चढतायत, आम्ही सगळे दुसऱ्या लेव्हलचे. धोंडा काही हलेना. मग आमच्या 'रोग'ला (चोर पात्र) आठवलं, सामानात पहार आहे. पहारीने रेटा देता येत असेल तर ताकदीच्या चेकला ॲडव्हान्टेज (दोनदा फासा टाकून मोठा आकडा घ्यायचा) मिळतो, ही ओळ कुणी वाचत नाही. १९ आला. धोंडा सुटला, चार हॉबगॉब्लिन गेले, आणि पायथ्याशी बांधलेलं खेचरही गेलं.

खेचर आमचंच होतं. सगळा खजिना त्याच्या पाठीवर.