हायब्रीड घ्यायची आहे पण डिकी पण हवी... मारुती ग्रँड व्हिटारा, टोयोटा हायरायडर, होंडा सिटी की अजून काही?

कडबोळं_ठाणेवाली

मंडळी जरा मदत करा, घरात रोज रात्री जेवताना हाच विषय आणि आता नवऱ्याने हात टेकलेत, म्हणतो तुला हवी ती घे पण एकदाची घे.

तर माझं रोजचं घोडबंदर रोड ते ऐरोली, जाऊन येऊन ४० किमी, त्यातला अर्धा वेळ माजिवडा आणि कळवा-विटावा इथे नुसतं ब्रेक सोड ब्रेक दाब. जुनी डिझेल स्विफ्ट आहे, डाव्या गुडघ्याने क्लचला कधीच रामराम केलाय, त्यामुळे ऑटोमॅटिकच. ऑफिसात एकाची स्ट्राँग हायब्रीड (पेट्रोल इंजिन आणि चाकं फिरवणारी मोटर, दोन्ही असलेली) आहे, तो सारखा ॲव्हरेज सांगून जीव खातो, म्हणून तिकडे मन गेलंय.

पण गोची अशी की शनिवार-रविवार सासूबाईंचा स्टॉल असतो. मेतकूट, भाजणी, कुळथाचं पीठ, लोणची. ठाणे, दादर, पार्ले, जिथे प्रदर्शन असेल तिथे. सामान म्हणजे सहा प्लॅस्टिकचे क्रेट (भाजीवाल्यांकडे असतात तसले, ५४ बाय ३६ बाय २९ सेमी, काचेच्या बरण्या असल्यामुळे जड), मधे दुमडणारं टेबल, बॅनरचा स्टँड, वजनकाटा, आणि सासूबाई स्वतः. त्यांना मागेच बसायचं असतं, पुढे बसलं की माझं ड्रायव्हिंग दिसतं म्हणे. वर्षातून एकदोनदा कुडाळला गावी.

बजेट ऑन रोड २० लाख, फार तर एखाद लाख इकडेतिकडे. सेल्सवाला म्हणतो मॅडम डिकीचं टेन्शनच नाही, पण डिकी उघडून दाखव म्हटलं की डेमो गाडी नेमकी बाहेर गेलेली असते. कोणी खरंच वापरतंय का? खरं सांगा.

गिअर_विसरलेला

सेल्सवाल्याचं ऐकू नका. माझ्याकडे हायरायडर स्ट्राँग हायब्रीड आहे, ग्रँड व्हिटारा आतून तीच गाडी समजा, इंजिन तेच, बॅटरी तीच.

आधी चांगलं सांगतो. तुमच्या रूटसाठी ही गाडी म्हणजे दुधात साखर. १.५ लिटरचं तीन सिलेंडरचं पेट्रोल इंजिन आणि सोबत मोटर, दोन्ही मिळून ताकद ११६ पीएस. ट्रॅफिकमधे इंजिन बंदच असतं बराच वेळ, गाडी मोटरवर सरकते, ब्रेक मारला की तीच मोटर जनरेटर बनून बॅटरी भरते, म्हणजे तुमचा माजिवडा हाच तुमचा चार्जर. कागदावर ॲव्हरेज लिटरला साधारण २८ किमी आहे ते विसरा, पुण्यात मला सिटीत २२ ते २४ मिळतं एसी लावून. आणि गंमत म्हणजे एक्सप्रेसवेवर १०० च्या वर पळवली की ते १८-१९ वर येतं, कारण तिथे ब्रेकच लागत नाही, मग बॅटरी भरणार कशाने, सगळा भार त्या छोट्या इंजिनावर. साध्या गाडीच्या बरोब्बर उलट, लोकांना हे पटतच नाही.

आता वाईट. बॅटरी डिकीच्या तळाशी बसवली आहे. साध्या माईल्ड हायब्रीड (मोटर नुसता टेकू देते ती) व्हिटारामधे डिकी ३७३ लिटर आहे, स्ट्राँगमधे ती २६५ च्या आसपास येते. आणि नुसता लिटरचा आकडा बघून काही कळत नाही, खरं दुखणं उंचीचं आहे, तळ वर आलाय त्यामुळे मोठी सूटकेस उभी राहत नाही, आडवी ठेवावी लागते आणि मग वरची जागा फुकट. तुमच्या मापाचा एक क्रेट म्हणजे साधारण ५६ लिटर, भागाकार केला तर चार बसायला हवेत, प्रत्यक्षात एका थरात दोन बसतील आणि बाजूला एक फट उरेल ज्यात वजनकाटा जाईल. वरचा ट्रे काढला तर दुसरा थर लावून बघता येईल पण तो मागच्या सीटच्या वर डोकावला तर मधे जाळी किंवा पट्टा हवाच. जोरात ब्रेक लागला तर लोणचं सासूबाईंच्या मानेवर.

मागची सीट ६०:४० पडते. मोठा भाग पाडून क्रेट आत सरकवा, सासूबाई उरलेल्या सीटवर. मी असं करून अख्खी सायकल आणली आहे.

आकडेमोड

हिशोब कोणीच करत नाहीये म्हणून मी करतो.

रोजचे ४० किमी, वीकेंडचा स्टॉल आणि गावची वारी धरून वर्षाला १५,००० किमी धरू. साधी पेट्रोल ऑटोमॅटिक अशा ट्रॅफिकमधे आणि हायवेला मिळून सरासरी १३ देईल, हायब्रीड २१ धरा. म्हणजे साधीला ११५४ लिटर, हायब्रीडला ७१४. फरक ४४० लिटर, पेट्रोल १०४ धरलं तर वर्षाला ४५ हजारांच्या थोडं वर. आता दोन्हींचं ऑन रोड कोटेशन एकाच ट्रिमचं (व्हेरिएंटचं) मागवा, फरक अडीच लाखाचा निघाला तर पैसे वसूल व्हायला साडेपाच वर्षं. दहा वर्षं गाडी ठेवणाऱ्याने डोळे झाकून घ्यावी, चार वर्षांत बदलणाऱ्याने दोनदा विचार करावा.

आणि एक, महाराष्ट्रात हायब्रीडला रोड टॅक्समधे काही सूट नाही. पेट्रोल गाडीसारखाच, १० ते २० लाखाला १२ टक्के. यूपीने २०२४ च्या जुलैत स्ट्राँग हायब्रीडची नोंदणी फी माफ केली होती, तेव्हा आपल्याकडे पण होईल म्हणून माझा एक मित्र थांबला, अजून रिक्षाने फिरतोय. जीएसटी २२ सप्टेंबर २०२५ पासून चार मीटरच्या वरच्या गाड्यांना सरळ ४० टक्के झाला, हायब्रीड असो नसो. त्यामुळे हायब्रीडचा जो काही फायदा आहे तो फक्त पंपावर, सरकार काही देणार नाही.

बॅटरीची भीती मात्र काढून टाका. टोयोटा, मारुती, होंडा तिघांचीही हायब्रीड बॅटरीला ८ वर्षं किंवा १,६०,००० किमी वॉरंटी आहे.

कडबोळं_ठाणेवाली

@आकडेमोड आमच्याकडे गाडी पूर्ण जीर्ण झाल्याशिवाय विकत नाहीत, स्विफ्टच बघा ना, तेव्हा तो प्रश्न नाही.

@गिअर_विसरलेला मानेवर लोणचं, अहो वाचून दाखवलं त्यांना, आता त्या मागे बसायलाच तयार नाहीत 😄 होंडा सिटी हायब्रीड कशी आहे पण? नवऱ्याला सेडान आवडते.

परवडत_नाही_तरी

सिटी चालवायला मला तरी या सगळ्यांपेक्षा जास्त आवडली, चार सिलेंडर, शांत, शहरात इंजिन बहुतेक वेळ फक्त जनरेटर चालवतं आणि चाकं मोटर फिरवते, हायवेला वेग आला की मग इंजिन क्लच लावून थेट चाकांना जोडलं जातं. ॲव्हरेज पण तसंच, कागदावर २७.

पण तुमच्या कामाला नको. साध्या सिटीची डिकी ५०६ लिटर, हायब्रीडची ३०६, इथे पण बॅटरी मागेच घुसवली आहे. आणि सेडान आहे, डिकीचं तोंड अरुंद. टेबल आत जाताना वरच्या कडेला अडकणार, आणि भरलेला क्रेट कमरेत वाकून आत ढकलावा लागणार. एसयूव्हीची डिकी सरळ उघडते, क्रेट उचलला की ठेवला. रोज नाही पण दर आठवड्याला करायचं आहे हे तुम्हाला.

कुडाळचो_झील

गो बाय, गावाक येतंस तेव्हा काय रिकामी येतलंस? जाताना नारळ, तांदूळ, आंब्याची पेटी, कोकम आगळाचे बाटले, ता सगळा खय ठेवतलंस ता आधी सांग.

गंमत सोडा. हायब्रीड घेऊन घाटातून येणार असाल तर एक सांगून ठेवतो, नाहीतर अर्ध्या रस्त्यात घाबरून मेकॅनिकला फोन कराल. व्हिटारा-हायरायडरची बॅटरी इवलीशी असते, पाऊण युनिट फक्त. आंबोली उतरायला लागलात की थोड्याच वेळात ती भरून जाते. भरली की मोटरने ब्रेक लावून काही उपयोग नाही, मग गाडी इंजिनानेच वेग आवरते आणि इंजिन ओरडायला लागतं, तेही ॲक्सिलरेटरवर पाय नसताना. बिघडलेली नसते ती. उतारावर गिअरचा लिव्हर बी मधे (इंजिनाने वेग आवरायचा मोड) टाका, ब्रेक तापत नाहीत. चढताना उलट, बॅटरी संपली की भरलेली गाडी जरा दमते, ओव्हरटेक जपून.

माझं मत विचाराल तर सीएनजी. मारुती व्हिक्टोरिसमधे टाकी गाडीच्या पोटाखाली टाकली आहे, डिकी मोकळी. पण ती मॅन्युअलच येते, तुमच्या गुडघ्याचं काय ते बघा. आणि मे महिन्यात मुंबई-गोवा हायवेला सीएनजीची रांग बघितली आहे का कधी? माणसं खाली उतरून पत्ते खेळत असतात.

विजेवर_विश्वास

एवढा खटाटोप कशाला, सरळ ईव्ही घ्या ना. रोजचे ४० किमी म्हणजे आठवड्यातून दोनदा चार्जिंग. जीएसटी ५ टक्के. एमजी विंडसरची डिकी ६०४ लिटर आहे, सहाही क्रेट आत गेले तर आश्चर्य नको.

कडबोळं_ठाणेवाली

@विजेवर_विश्वास सोसायटी पार्किंगमधे पॉइंट देत नाही, सेक्रेटरी म्हणतात आधी सर्वसाधारण सभेत ठराव. गेल्या सभेत लिफ्टच्या आरशावरच दोन तास भांडण झालं. तो मार्ग बंद आहे.

परदेशस्थ_पोहे

न्यू जर्सीहून. इथल्या गाड्या तिकडे मिळत नाहीत त्यामुळे सल्ला म्हणून नाही, पण मुद्दा बघण्यासारखा आहे. आमच्याकडे रॅव्हफोर हायब्रीड आहे, तिची बॅटरी मागच्या सीटखाली असते, त्यामुळे डिकी पेट्रोल गाडीएवढीच, साधारण १०६० लिटर, पटेल ब्रदर्सच्या (इथलं देशी किराणा दुकान) एका फेरीत महिन्याचं सामान आरामात. म्हणजे हायब्रीड म्हटलं की डिकी जाणारच असं काही नसतं, बॅटरी कुठे लपवली त्यावर सगळं आहे. ॲव्हरेज मात्र ४० मैल गॅलनला, तुमच्या हिशोबात १७, मोठं इंजिन ना.

तिकडे असं नीट बसवलेलं मला इनोव्हा हायक्रॉसमधे दिसलं, बॅटरी पुढच्या सीटखाली. मागच्या वेळी भावाची चालवली, तिसरी रांग पाडली की ९९१ लिटर, मागे दुकान थाटता येईल. कागदावर २३ देते एवढी मोठी गाडी.

गिअर_विसरलेला

हायक्रॉस हायब्रीड २० लाखात कुठून देणार हो त्यांना. वापरलेली सुद्धा भाव उतरू देत नाही. हां, सासूबाईंचा धंदा वाढला तर बघा.

कडबोळंताई, अजून काही गोष्टी राहिल्या. एक, माईल्ड हायब्रीडला कोणी "हायब्रीडच आहे मॅडम" म्हणून गळ्यात मारेल, स्मार्ट हायब्रीड वगैरे नाव असतं, ती गाडी मोटरवर चालत नाही, सिग्नलला इंजिन बंद-चालू करते आणि थोडा टेकू देते इतकंच. डिकी मोठी मिळते पण तुम्ही ज्यासाठी हायब्रीड घेताय ते मिळत नाही. दोन, बॅटरी गार ठेवायला केबिनमधली हवा ओढली जाते, त्याची जाळी कुठे आहे ते डिलिव्हरीला नीट विचारून घ्या आणि तिच्यापुढे पिशव्या, टॉवेल, पिठाचं पोतं काही टेकवू नका. तुमच्याकडे तर भाजणी. पीठ उडतं, ती जाळी अधूनमधून पुसत राहा. तीन, गाडी महिनाभर पडून राहिली तर मोठी नाही, साधी १२ व्होल्टची बॅटरी बसते आणि गाडी उघडतच नाही, आठवड्यातून एकदा चालू करा.

कडबोळं_ठाणेवाली

हे पिठाचं कोणीच सांगितलं नव्हतं, धन्यवाद!!

काल दुसऱ्या शोरूमला गेले, यावेळी स्विफ्टमधून दोन क्रेट आणि टेबल घेऊनच. तिथला मुलगा बिचारा आधी गोंधळला मग स्वतःच मदतीला आला. गिअर_विसरलेला म्हणाले तसंच, एका थरात दोन, बाजूला वजनकाटा. टेबल दुमडून सीटच्या पाठीला उभं लावलं तर अंगठाभर वर राहतं, त्यामुळे मागचं दिसतं. सीटचा मोठा भाग पाडला तर तीन क्रेट आत सहज आणि एक टेबलावर ठेवता येईल असं वाटतं, म्हणजे डिकीतले दोन धरून सहा झाले, पण बॅनरचा स्टँड मग सासूबाईंच्या पायाशी. त्यांनी तिथेच बसून बघितलं, काही बोलल्या नाहीत, म्हणजे पसंत आहे. नवरा म्हणतो दोन क्रेट आदल्या दिवशी रिक्षाने पाठवू, तो कायम असलेच उपाय काढतो.

व्हिटारा आणि हायरायडरमधे आता जिथे लवकर मिळेल ती. की व्हिक्टोरिसची हायब्रीड पण बघू? तिचं ॲव्हरेज २८.६५ लिहिलंय.

आकडेमोड

बघा, पण इंजिन तेच आहे आणि बॅटरी पण मागेच, तेव्हा क्रेटचं गणित फार बदलणार नाही. २८.६५ आणि व्हिटारा-हायरायडरच्या २७.९७ मधला फरक कळव्याच्या पुलावर दिसत नाही. तिथे फीचर आणि भारत एनकॅपचे (अपघात चाचणीचे) पाच स्टार बघून ठरवा.

परवडत_नाही_तरी

आणि तुमचं पार्किंग स्टॅकचं (एकावर एक गाड्या ठेवायचं) आहे का? घोडबंदरला बऱ्याच ठिकाणी आहे. स्विफ्ट चार मीटरच्या आतली, या सगळ्या ४.३ मीटरच्या वर. प्लेटफॉर्मवर लांबी, उंची आणि वजनाची मर्यादा लिहिलेली असते, टोकन द्यायच्या आधी खाली जाऊन टेप लावा.

कडबोळं_ठाणेवाली

स्टॅकच आहे. वरचा मजला. थांबा, टेप शोधते.