मदत हवी आहे: डिसप्लेसियाची (कर्करोगाआधीच्या पेशीबदलांची) ग्रेड आम्हा दोघांची जुळत नाही

नमस्कार मंडळी. आमच्या छोट्या लॅबमध्ये तोंडाच्या बायोप्सी मी आणि सर, असे दोघंच वाचतो. परवा ल्युकोप्लेकियाच्या (तोंडातल्या पांढऱ्या डागांच्या) 40 जुन्या स्लाइड एकमेकांचा रिपोर्ट न बघता पुन्हा वाचल्या. सौम्य आणि तीव्र यांवर फारसा वाद झाला नाही, पण 'मध्यम' आलं की दोघांची दोन मतं! आणि सर्जन नेमकं त्यावरच ठरवतात, डाग काढायचा की नजर ठेवायची.

डब्ल्यूएचओच्या तीन ग्रेडमध्ये बदल आवरणाच्या कितव्या तिसऱ्या भागापर्यंत चढलेत हे बघतात. पण आमचे बरेच पेशंट गुटखा-सुपारीवाले. सबम्युकस फायब्रोसिसमध्ये (तोंडाचं आतलं अस्तर कडक होण्याच्या आजारात) एपिथेलियमच, म्हणजे हे आवरणच, इतकं पातळ झालेलं असतं, की तीन भाग पाडायचे कशाचे?

म्हणून 2006 सालची संशोधक कुजन यांची दोन गटांची पद्धत वापरून बघतोय: रचनेतले किमान 4 आणि पेशींतले किमान 5 बदल असले तर हाय रिस्क. तिथेही अडचण आहेच. मी ज्याला मायटोसिस (पेशीविभाजन) म्हणते, ते सरांना नुसतं काळवंडलेलं केंद्रक वाटतं.

तुम्ही रिपोर्टमध्ये दोन्ही ग्रेड लिहिता का? व्रणाजवळचे किंवा कँडिडा बुरशीमुळे झालेले बदल वेगळे कसे काढता? मी पीएएस (बुरशी दाखवणारं रंगद्रव्य) करते, पण तेवढ्याने भागत नाही. सीमेवरच्या केसेसचे फोटो असलेली चेकलिस्ट कोणाकडे असेल तर कृपया पाठवा. कप्पा (kappa, दोघांची मतं किती जुळतात त्याचा आकडा) काढायला वेटेड (मतांतला फरक लहान की मोठा तेही धरणारा) घ्यावा की साधा, तेही सांगा.