हंगेरीची १९४३-४४ मधील गुप्त बोलणी: नेमकी कोणापासून गुप्त?

मूळ लेखन

जानेवारी १९४३ मध्ये डॉन नदीच्या काठी, व्होरोनेझच्या परिसरात, जर्मनीच्या बाजूने लढणाऱ्या हंगेरीच्या दुसऱ्या सैन्याची म्हणजे सुमारे २ लाख माणसांच्या फौजेची वाताहत झाली. जर्मनी हे युद्ध जिंकणार नाही, हे त्यानंतर बुडापेस्टमधील जाणत्या राज्यकर्त्यांना कळून चुकले. पंतप्रधान मिक्लोश काल्लाई यांनी तटस्थ देशांच्या राजधान्यांतून ब्रिटन आणि अमेरिकेशी संधान बांधण्याचे प्रयत्न वाढवले. नोबेल पारितोषिकविजेते शास्त्रज्ञ आल्बर्ट सेंट-ग्यॉर्गी व्याख्यानाच्या निमित्ताने इस्तंबूलला गेले आणि तेथे त्यांनी ब्रिटिशांची गाठ घेतली. पुढे ९ सप्टेंबर १९४३ च्या रात्री मार्मारा समुद्रातील एका नौकेवर ब्रिटिश राजदूत ह्यू नॅचबुल-ह्युजेसन यांनी हंगेरीचे तरुण राजनैतिक अधिकारी लास्लो वेरेश यांना शरणागतीच्या प्राथमिक अटी वाचून दाखवल्या. जर्मनीला होणारी मदत टप्प्याटप्प्याने कमी करावी, रशियातील फौजा मागे घ्याव्यात आणि जर्मनीने देश व्यापण्याचा प्रयत्न केल्यास प्रतिकार करावा, असे त्यांत होते.

माझा आक्षेप बोलणी केल्याबद्दल नाही, कारण हरणाऱ्या युद्धातून आपल्या लोकांना बाहेर काढणे हे सरकारचे कर्तव्यच असते. आक्षेप आहे तो गुप्तता ज्या दिशेने राखली गेली त्या दिशेला. एप्रिल १९४३ मध्येच हिटलरने साल्झबर्गजवळील क्लेसहाइम प्रासादात राज्यप्रमुख होर्ती यांच्यासमोर या संपर्कांची माहिती मांडून काल्लाई यांना दूर करण्याची मागणी केली होती, म्हणजे ज्याच्यापासून लपवायचे त्याला सारे ठाऊक होते. याउलट, प्रसंग आल्यास ज्यांना जर्मनांवर बंदूक रोखावी लागणार होती, त्या हंगेरियन सेनाधिकाऱ्यांना अंधारात ठेवले गेले. १९ मार्च १९४४ रोजी जर्मन सैन्य देशात शिरले, तेव्हा होर्ती क्लेसहाइमहून परतीच्या प्रवासात होते आणि सैन्याला प्रतिकाराचा आदेश मिळालाच नाही. काल्लाई यांनी तुर्कस्तानच्या वकिलातीत आश्रय घेतला. अटकेसाठी आलेल्या गेस्टापोवर, म्हणजे जर्मन गुप्त पोलिसांवर, खासदार एन्द्रे बाइची-झिलिन्स्की यांनी पिस्तूल झाडले. एका माणसाने एकट्याने जे केले, त्याची तयारी सरकारने सहा महिन्यांत केली नव्हती, हे मला अक्षम्य वाटते.

प्रतिसाद १

आपण काल्लाई यांना त्यांच्या शेवटावरून जोखत आहात, आणि हा न्याय नव्हे. ते पंतप्रधान झाले मार्च १९४२ मध्ये. तेव्हापासून मार्च १९४४ पर्यंत, हिटलर वारंवार दबाव आणत असतानाही, त्यांनी आपल्या देशातील ज्यूंना जर्मनीच्या हवाली करण्यास नकार दिला. देशात ज्यूविरोधी कायदे होते, सक्तीच्या श्रमसेवेत माणसे मरत होती, हे मी लपवत नाही. तरीही वांशिक कायद्यांनी ज्यू ठरवलेले सुमारे ८ लाख लोक तोवर तेथे होते, आणि व्यापलेल्या युरोपात अशी स्थिती दुसरीकडे क्वचितच आढळली असती. जर्मन ताब्यानंतर काय झाले? १५ मे ते ९ जुलै १९४४ या आठ आठवड्यांत सुमारे ४ लाख ३७ हजार माणसांना देशाबाहेर पाठवण्यात आले, त्यातील बहुतेकांना ऑश्विट्झला.

म्हणून मी विचारतो: सप्टेंबर १९४३ मध्येच उघड बंड पुकारले असते, तर हा जर्मन ताबा सहा महिने आधी आला नसता काय? इटलीचे उदाहरण डोळ्यांसमोर होते. ८ सप्टेंबरला तिचा युद्धविराम जाहीर झाला आणि काही दिवसांतच जर्मनांनी तिची बहुतांश सेना निःशस्त्र केली. तेथे मित्रराष्ट्रांची फौज निदान देशाच्या दक्षिण टोकाला उतरली होती. हंगेरीजवळ कोण होते? वेळ काढणे हेच त्या घडीचे धोरण होते आणि त्यावर हजारो जीव तगून होते.

प्रतिसाद २

वेळ काढणे मान्य, पण कशासाठी? काल्लाई यांची सारी आशा ब्रिटिश आणि अमेरिकन फौजा बाल्कनमार्गे येण्यावर होती आणि मॉस्कोशी बोलण्याची त्यांची इच्छा नव्हती. त्या फौजा आल्या नाहीत. आले ते सोव्हिएत संघाचे लाल सैन्य. फिनलंडने ज्याच्याशी लढाई होती त्या सोव्हिएत संघाशीच बोलणे केले. राष्ट्राध्यक्ष रिती यांनी जून १९४४ मध्ये जर्मन परराष्ट्रमंत्री रिबेनट्रॉपला दिलेले, वेगळा तह न करण्याचे वचन त्यांच्या व्यक्तिगत सहीचे होते. रिती पदावरून दूर झाल्यावर त्यांचे उत्तराधिकारी मानेरहाइम यांनी ते वचन आपल्याला बांधील नाही असे जर्मनांना सांगितले आणि १९ सप्टेंबरला युद्धविराम केला. किंमत जबर होती: पेत्सामोचा प्रदेश गेला, पोर्कला द्वीपकल्प भाडेपट्ट्याने द्यावे लागले, ३० कोटी डॉलरची भरपाई द्यावी लागली आणि लॅपलंडमध्ये जर्मनांशी लढावे लागले. तरी देश व्यापला गेला नाही.

प्रतिसाद १ यांचे उत्तर

फिनलंडमधील जर्मन फौज प्रामुख्याने उत्तरेकडे होती आणि हेलसिंकी तिच्यापासून दूर होती. बुडापेस्ट व्हिएन्नापासून काही तासांच्या अंतरावर आहे. शिवाय उत्तर ट्रान्सिल्व्हेनिया हंगेरीला १९४० मध्ये जर्मनी आणि इटलीच्या निवाड्याने मिळाला होता. युती सोडणे म्हणजे तो गमावणे, हे बुडापेस्टमधील प्रत्येक पक्षाला माहीत होते. रुमानियाला मात्र बाजू बदलून तोच प्रदेश परत मिळवायचा होता. लहान राष्ट्राच्या हातपाय बांधणाऱ्या या गाठी बाजूला ठेवून त्याच्या नेत्यांच्या धैर्याचे मोजमाप करू नये.

मूळ लेखकाचे उत्तर

ट्रान्सिल्व्हेनियाचा मुद्दा खरा आहे, आणि माझ्या मते तोच या धोरणाचा सर्वांत मोठा दोषही आहे: युती सोडायची, पण युतीने मिळालेली जमीन सोडायची नाही. तरीही गुप्ततेचा मुद्दा शिल्लक राहतो. रुमानियात २३ ऑगस्ट १९४४ रोजी राजा मिहाय यांनी हुकूमशहा अंतोनेस्कू यांना राजवाड्यातच अटक केली. कट मूठभर लोकांपुरता होता, पण त्याच रात्री नभोवाणीवरून घोषणा झाली आणि सैन्याने राजाची आज्ञा पाळली. हंगेरीच्या शिष्टमंडळाने ११ ऑक्टोबरला मॉस्कोत प्राथमिक युद्धविरामावर सही केली. चारच दिवसांनी, १५ ऑक्टोबरच्या सकाळी, जर्मन एसएस अधिकारी स्कोर्झेनीच्या माणसांनी होर्ती यांच्या मुलाला सापळा लावून पळवून नेले, कारण जर्मन सावध होते. दुपारी होर्ती यांची घोषणा प्रसारित झाली, तेव्हा तयार नसलेल्या आणि काही ठिकाणी जर्मनांच्या बाजूने असलेल्या सेनाधिकाऱ्यांनी ती अमलात आणली नाही. पहिल्या सैन्याचे सेनापती बेला मिक्लोश स्वतः सोव्हिएत बाजूला गेले, पण त्यांचे बहुतांश सैन्य त्यांच्यामागे गेले नाही. सत्ता जर्मनधार्जिण्या ॲरो क्रॉस पक्षाच्या सालाशीच्या हाती पडली.

आपण म्हणता की सप्टेंबर १९४३ मध्ये बंड केले असते तर जर्मन ताबा आधी आला असता. मी सप्टेंबरच्या बंडाची मागणी करीत नाही. त्या नौकेवरील अटींत प्रतिकाराची अट होती आणि हंगेरीने ती स्वीकारली होती. त्यानंतर निदान विश्वासातले सेनापती नेमणे, पूल आणि विमानतळ कोणी धरायचे ते ठरवणे, आणि होर्ती देशाबाहेर असताना आदेश कोण देणार हे निश्चित करणे, यासाठी मार्चपर्यंत वेळ होता, आणि यातले काहीही जर्मनांना आधीच कळलेल्या गोष्टीपेक्षा अधिक धोक्याचे नव्हते.

प्रतिसाद १ यांचे उत्तर

विश्वासातले सेनापती कोठून आणायचे, हाच प्रश्न आहे. त्या सैन्याचे अनेक वरिष्ठ अधिकारी जर्मनीच्या विजयावर श्रद्धा ठेवणारे होते. त्यांना सांगणे म्हणजे त्याच संध्याकाळी बर्लिनला कळवणे. ऑक्टोबरमध्ये आज्ञा मोडली गेली, हे माझ्या दृष्टीने काल्लाई यांची शंका खरी ठरल्याचेच प्रमाण आहे.